हवेतील ऑक्सिजन आणि तांब्याची मध्यस्थी

तांब्यापितळेच्या बिनकल्हईच्या भांड्यात ताक किंवा चिंचेची आमटी ठेवली की ती कळकते, हे ज्ञान आपल्याकडे घरोघरी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले आहे. त्याचे कारण विचारले असता बहुतेकजण, आणि त्यांत रसायनशास्त्राचे विद्यार्थीही आले, ‘आंबटाने तांबे विरघळते’ असे सांगून मोकळे होतात. हे उत्तर अर्धेच खरे आहे. तांब्याचे प्रमाण विद्युत्‌-वर्चस्‌ हायड्रोजनापेक्षा ०.३४ व्होल्टने अधिक आहे. त्यामुळे लॅक्टिक किंवा टार्टारिक अम्लासारख्या सौम्य अम्लातून हायड्रोजन विस्थापित करण्याचे सामर्थ्य तांब्यात नाही. अम्लाचा विद्राव उकळून त्यातील हवा काढून टाकली व पात्र बंद ठेवले, तर तांब्याचा पत्रा त्यात जसाच्या तसा राहतो. हवा आत शिरू दिली की विद्राव हळूहळू निळसर होऊ लागतो. म्हणजे तांब्याकडून इलेक्ट्रॉन घेतो तो हवेतील ऑक्सिजन. अम्ल फक्त त्याचे पाणी होण्यास लागणारे प्रोटॉन पुरविते. तांबे आणि ऑक्सिजन यांच्या या जुन्या ओळखीचा रसायनज्ञांनी कसा उपयोग करून घेतला, आणि त्यातील एका विक्रियेच्या यंत्रणेविषयीचा वाद कसा सुटत गेला, हे सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम ऑक्सिजनाविषयी थोडेसे. चार इलेक्ट्रॉन व चार प्रोटॉन घेऊन ऑक्सिजनाच्या रेणूचे पाणी होते, त्या बदलाचे प्रमाण वर्चस्‌ १.२३ व्होल्ट इतके आहे. एवढा समर्थ ऑक्सिडीकारक आपल्याभोवती २१ टक्के भरलेला असताना लाकूड, कागद, तेल आणि आपण स्वतः पेट न घेता राहतो, हेच खरे तर नवल आहे. त्याची कारणे दोन. ऑक्सिजनाच्या रेणूत दोन अयुग्मित इलेक्ट्रॉन समान परिवलनाचे असतात, म्हणजे तो त्रिक अवस्थेत असतो; उलट बहुतेक कार्बनी संयुगांत सर्व इलेक्ट्रॉन जोडीने असतात. त्रिक अवस्थेतील रेणूने एकक अवस्थेतील रेणूशी एकाच पावलात संयोग पावून एकक अवस्थेतील पदार्थ देणे परिवलनाच्या नियमाने निषिद्ध ठरते. ऑक्सिजनाला एकक अवस्थेत न्यायचे, तर प्रत्येक मोलमागे सुमारे ९४ किलोज्यूल ऊर्जा खर्च करावी लागते. दुसरे कारण असे की, चार इलेक्ट्रॉन मिळून घ्यावयाचे असतील तर ऑक्सिजन उत्सुक असतो. पण पहिला एकटा इलेक्ट्रॉन घेऊन सुपरऑक्साइड होणे त्याला मानवत नाही. त्या पहिल्या पायरीचे वर्चस्‌ उणे ०.३३ व्होल्ट आहे. उंबरठा उंच आणि आतले घर सखल, अशी ही स्थिती आहे.

तांब्याचा गुण असा की, त्याच्या क्युप्रस आणि क्युप्रिक या दोन अवस्थांत केवळ एका इलेक्ट्रॉनाचे अंतर आहे, आणि पाण्यातील ते वर्चस्‌ अवघे ०.१५ व्होल्ट आहे. भोवतीचे लिगंड बदलून ते खालीवर सरकविताही येते. क्युप्रस अवस्थेतील तांबे स्वतः एक इलेक्ट्रॉन देऊन ऑक्सिजनाला धरते. लगेच दुसरा क्युप्रस अणू येऊन पलीकडच्या बाजूने धरतो, आणि दोघांच्या मध्ये ऑक्सिजनाची पेरॉक्साइड अवस्था निर्माण होते. सुपरऑक्साइडच्या उंबरठ्यावर ताटकळत बसण्याची वेळ ऑक्सिजनावर येत नाही. गोगलगाय, खेकडे इत्यादी प्राण्यांच्या निळ्या रक्तातील हेमोसायानिन हेच करते. अशा द्विताम्र जटिलांचे स्फटिक प्रयोगशाळेत मिळण्यास मात्र १९८८ साल उजाडावे लागले. त्या वर्षी कार्लिन यांच्या गटाने, आणि पुढच्याच वर्षी जपानात किताजिमा यांच्या गटाने, निरनिराळ्या भूमितीचे पेरॉक्साइड-सेतू असलेले जटिल वेगळे केले. १९९६ साली टोलमन यांच्या गटाने असे दाखविले की, या सेतूतील ऑक्सिजन-ऑक्सिजन बंध तुटून दोन ऑक्साइडांनी जोडलेली तांब्याची तिसरी ऑक्सिडीकरण-अवस्था होऊ शकते, आणि हे दोन्ही प्रकार परस्परांत बदलतात. या क्षेत्राचा विस्तार मोठा आहे. येथे एवढे पुरे.

उत्प्रेरणाची कल्पना मनात ठसविण्यासाठी पदवी वर्गात दाखवला जाणारा एक प्रयोग आठवावा. तांब्याच्या तारेचे वेटोळे लालबुंद तापवून कोमट मेथिल अल्कोहोलाच्या पृष्ठभागावर टांगले, तर ज्योत काढून घेतल्यावरही ते धगधगत राहते, आणि फॉर्माल्डिहाइडचा उग्र दर्प सुटतो. तारेवर हवेमुळे ऑक्साइड तयार होते. अल्कोहोल ते ऑक्साइड हिरावून घेते. उघडे पडलेले तांबे पुन्हा हवेकडे हात पसरते. एकाच ठिकाणी दोन विक्रिया आळीपाळीने चालतात, आणि अल्कोहोल व ऑक्सिजन यांची प्रत्यक्ष गाठ कधीच पडत नाही. पुढे येणाऱ्या सर्व विक्रियांचा सांगाडा हाच आहे. फरक एवढाच की तेथे तार नसून विद्राव आहे, आणि तप्त लाल उष्णतेऐवजी खोलीचे तापमान पुरते.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे, कारण परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत त्याचा नेहमी घोटाळा होतो. ऑक्सिडीकरणात ऑक्सिजन दोन निरनिराळ्या नात्यांनी भाग घेऊ शकतो. काही विक्रियांत त्याचा अणू शेवटी कार्बनी रेणूत जाऊन बसतो. इतर विक्रियांत तो नुसता इलेक्ट्रॉन व प्रोटॉन गोळा करून पाणी किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड होऊन बाहेर पडतो. पहिल्या प्रकारच्या एंझाइमांना ऑक्सिजनेज व दुसऱ्यांना ऑक्सिडेज म्हणतात. हा भेद तर्काने सुटणारा नव्हता. १९५५ साली मेसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १८ भाराचा ऑक्सिजन वापरून ताम्रयुक्त फेनोलेज एंझाइमाच्या बाबतीत सिद्ध केले की, फेनॉलात नव्याने येणारा ऑक्सिजन पाण्यातून न येता हवेतूनच येतो. चिरलेले वांगे काळे पडते त्यामागे याच कुळातील एंझाइम आहे. आपल्या लेखाचा विषय मात्र मुख्यतः दुसऱ्या, ऑक्सिडेज प्रकारच्या, विक्रियांचा आहे.

या विक्रियांचा इतिहास १८६९ पासून सुरू होतो. त्या साली कार्ल ग्लासर यांना आढळले की, फेनिल अ‍ॅसिटिलीनचे क्युप्रस लवण अमोनियायुक्त विद्रावात हवेशी हलविले असता दोन रेणू एकमेकांस जोडले जाऊन डायफेनिल डायअ‍ॅसिटिलीन मिळते. बायर यांनी १८८२ मध्ये नीळ संश्लेषित करण्याच्या एका मार्गात याच जोडणीचा आधार घेतला, परंतु ऑक्सिडीकारक म्हणून त्यांनी हवेऐवजी पोटॅशियम फेरीसायनाइड घेतले. ग्लासर यांची पद्धत अडचणीची होती, कारण स्फोटक ताम्र अ‍ॅसिटिलाइड आधी वेगळे करावे लागे. ओले असताना ते गरीब असते. वाळले की खरवडण्यानेही उडते. १९५६ साली एग्लिंटन व गॅलब्रेथ यांनी क्युप्रिक अ‍ॅसिटेट व पिरिडीन वापरून ती अडचण दूर केली, पण त्यांना तांबे भरपूर लागे. तांबे अल्प प्रमाणात ठेवून ऑक्सिजनाच्या जोरावर ही विक्रिया चालविण्याचे श्रेय अ‍ॅलन हे यांचे. त्यांनी १९६० मध्ये क्युप्रस क्लोराइड व पिरिडीन, आणि १९६२ मध्ये टेट्रामिथिल-एथिलीनडायअमीन हा लिगंड वापरून अशा पद्धती प्रसिद्ध केल्या.

हे यांच्या कामाचा दुसरा भाग व्यवहारदृष्ट्या अधिक फळला. जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेत त्यांनी २,६-डायमिथिल फेनॉलाच्या विद्रावात क्युप्रस क्लोराइड व पिरिडीन घालून ऑक्सिजन सोडला. फेनॉलांच्या ऑक्सिडीकरणात नेहमी काळपट राळ मिळते. येथे सरळ साखळीचे, उच्च रेणुभाराचे बहुवारिक मिळाले. १९५९ साली हे प्रसिद्ध झाले. यातील मौज अशी की बहुवारिकाच्या साखळीत प्रत्येक कडीला ऑक्सिजन आहे, परंतु तो फेनॉलाचाच. हवेतला ऑक्सिजन सर्वच्या सर्व पाण्यात गेला. स्पर्धक विक्रियेत दोन कडी कार्बन-कार्बन बंधाने जोडल्या जाऊन लाल रंगाचे डायफेनोक्विनोन होते. तांब्याच्या मानाने पिरिडीन वाढविले की बहुवारिकाचे पारडे जड होते, आणि तापमान चढविले की डायफेनोक्विनोनचे. त्याच दोन पदार्थांतून, त्याच उत्प्रेरकाने, केवळ भोवतालच्या लिगंडाच्या प्रमाणावर फळ बदलते, ही गोष्ट विद्यार्थ्यांनी विशेष लक्षात घ्यावी. हे बहुवारिक २१० अंशांच्या आसपास मऊ होत असल्याने एकटे ओतण्यास जड जाते. पॉलिस्टायरीनशी ते कोणत्याही प्रमाणात मिसळते हे लक्षात आल्यावर १९६६ मध्ये ‘नोरिल’ या नावाने त्याचे मिश्रण बाजारात आले.

उद्योगधंद्यांत तांब्याची याहूनही जुनी चाकरी आहे. हायड्रोक्लोरिक अम्लवायूपासून क्लोरीन मिळविण्याची १८६८ ची डीकन पद्धती ताम्र क्लोराइडावर चालते. एथिलिनापासून अ‍ॅसिटाल्डिहाइड करण्याच्या १९५९ च्या वॅकर पद्धतीत मुख्य काम पॅलेडियमचे असले, तरी क्षपण पावलेल्या पॅलेडियमला पुन्हा कामावर आणण्याची जबाबदारी क्युप्रिक क्लोराइडाची, आणि त्या क्लोराइडाला ताजेतवाने करण्याची ऑक्सिजनाची असते. पॅलेडियम लवणाने एथिलिनाचे ऑक्सिडीकरण होते हे फिलिप्स यांनी १८९४ मध्येच पाहिले होते. त्याची पद्धती होण्यास पासष्ट वर्षे लागली, ती तांब्याचा हा दुवा सापडेपर्यंत.

आता अल्कोहोलांकडे वळू. प्राथमिक अल्कोहोलाचे अल्डिहाइड करून तेथेच थांबणे, ही संश्लेषणातील रोजची गरज आहे. आपल्या प्रयोगशाळांत अजूनही यासाठी क्रोमियमची संयुगे वापरली जातात. हिशेब करून पाहावा: क्रोमिक अम्लाने एक मोल द्वितीयक अल्कोहोलाचे कीटोन करताना सुमारे ६७ ग्रॅम क्रोमियम ट्रायऑक्साइड व ९८ ग्रॅम सल्फ्यूरिक अम्ल खर्ची पडते, आणि सुमारे १३१ ग्रॅम क्रोमिक सल्फेट मागे उरते. शिवाय हात लावण्यापूर्वीचे षट्‌संयुजी क्रोमियम कर्करोगकारक आहे. हेच काम ऑक्सिजनाकडून करून घेतले तर १६ ग्रॅम ऑक्सिजन, म्हणजे सुमारे ५३ लिटर हवा, पुरते. आणि मागे उरते १८ ग्रॅम पाणी.

१९८४ साली सेमेलहॅक यांच्या गटाने क्युप्रस क्लोराइड आणि टेम्पो यांचे अल्पांश डायमिथिल फॉर्मामाइडात घेऊन बेंझिल व अ‍ॅलिल वर्गातील अल्कोहोलांचे ऑक्सिजनाने ऑक्सिडीकरण केले. टेम्पो म्हणजे २,२,६,६-टेट्रामिथिल-पिपेरिडीन-१-ऑक्सिल, नायट्रॉक्सिल वर्गातील एक स्थिर मुक्त मूलक. १९६० मध्ये रशियन रसायनज्ञ लेबेदेव व काझार्नोव्हस्की यांनी तो प्रथम बनविला. (आपल्याकडे टेम्पो म्हटले की तीनचाकी मालवाहू गाडी डोळ्यांपुढे येते. हाही एका परीने वाहकच आहे. त्यात हायड्रोजन भरला जातो.) सेमेलहॅक यांची पद्धत साध्या अ‍ॅलिफॅटिक अल्कोहोलांना फारशी लागू पडत नसे. १९९६ मध्ये मार्को यांनी टेम्पोऐवजी अ‍ॅझो-हायड्राझीन जोडी वापरून तांबे-फेनँथ्रोलीन पद्धती दिली, तिच्यात द्वितीयक अल्कोहोलेही चालतात, पण उष्णता लागते. २००३ मध्ये शेल्डन व सहकाऱ्यांनी क्युप्रिक ब्रोमाइड-बायपिरिडीन-टेम्पो ही संगती मांडली, आणि २०११ मध्ये हूवर व स्टाल यांनी ती साध्या हवेवर आणि खोलीच्या तापमानावर आणून ठेवली. त्यांच्या कृतीत अ‍ॅसिटोनायट्राइलमध्ये क्युप्रस ट्रायफ्लेट, बायपिरिडीन व टेम्पो प्रत्येकी ५ मोल टक्के आणि एन-मिथिलइमिडाझोल १० मोल टक्के असते. प्राथमिक अल्कोहोले सरळ जातात, द्वितीयक जवळजवळ तशीच राहतात.

वाद होता तो असा. अल्कोहोलाचा हायड्रोजन नेमके कोण काढून घेते? सेमेलहॅक यांचे मत, तांबे टेम्पोचे ऑक्सिडीकरण करून ऑक्सोअमोनियम आयन बनविते व तोच अल्कोहोलावर काम करतो. ही कल्पना सहज पटण्याजोगी होती, कारण ब्लीचिंगच्या द्रावाबरोबर टेम्पो वापरण्याच्या पद्धतीत, तांब्याचा अंशही नसताना, खरोखरच ऑक्सोअमोनियम कार्य करतो आणि तेथेही प्राथमिक अल्कोहोलाला अग्रक्रम मिळतो. म्हणून निव्वळ निवडक्षमतेवरून निकाल देता येत नव्हता. शेल्डन यांच्या गटाने ड्यूटेरियमचे परिणाम व हॅमेट मूल्ये यांवरून आक्षेप घेतला: तांब्याच्या सान्निध्यातील मूल्ये ऑक्सोअमोनियमच्या मूल्यांशी जुळत नाहीत. त्यांनी गॅलॅक्टोज ऑक्सिडेज या एंझाइमाचे उदाहरण पुढे केले. त्याच्या क्रियास्थानी तांब्याचा एकच अणू असतो. अल्कोहोलापासून अल्डिहाइड होताना दोन इलेक्ट्रॉन निघतात. एक क्युप्रिक तांबे घेते, दुसरा शेजारील टायरोसीनचे मूलक घेते. १९९१ मधील स्फटिकरचनेत हे टायरोसीन एका सिस्टीनशी सहसंयुजी बंधाने जोडलेले दिसून आले. टेम्पो या टायरोसीन मूलकाच्या जागी उभा राहतो, हा शेल्डन यांच्या युक्तिवादाचा गाभा.

प्रस्तुत लेखकास या वादातील सर्वांत समाधानकारक पुरावा विद्युत्‌-रसायनाचा वाटतो. टेम्पोपासून ऑक्सोअमोनियम होण्यास सुमारे ०.७५ व्होल्ट लागतात. बायपिरिडीन-तांबे एवढे समर्थ नाही. केवळ टेम्पोने विद्युदग्रावर अल्कोहोलाचे ऑक्सिडीकरण करावयाचे, तर ते वर्चस्‌ द्यावेच लागते. २०१६ मध्ये बदल्यान व स्टाल यांनी दाखविले की, त्याच विद्रावात बायपिरिडीन-तांबे घातले की विक्रिया जवळजवळ अर्ध्या व्होल्टने कमी वर्चसावर, म्हणजे तांब्याच्या वर्चसावर, आणि अधिक वेगाने चालते. जेथे ऑक्सोअमोनियम निर्माणच होऊ शकत नाही, तेथे त्याच्या नावावर काम मांडणे शक्य नाही. दुसऱ्या टोकाला, एकटा टेम्पोही अल्कोहोलाचा हायड्रोजन ओढू शकत नाही: टेम्पोने तयार केलेल्या ऑक्सिजन-हायड्रोजन बंधाची ऊर्जा ७० किलोकॅलरींच्या आसपास, तर साध्या प्राथमिक अल्कोहोलातील कार्बन-हायड्रोजन बंधाची नव्वदीच्या घरात. अल्कोहोल आधी क्युप्रिक तांब्याला अल्कॉक्साइड म्हणून चिकटते, टेम्पोही त्याच तांब्यावर येऊन बसतो, आणि सहा अणूंच्या वलयाकार संक्रमण-अवस्थेतून हायड्रोजन टेम्पोकडे व एक इलेक्ट्रॉन तांब्याकडे जातो, असे चित्र २०१४ मधील गणितांवरून उभे राहिले आहे. द्वितीयक अल्कोहोल मागे का राहते याचा उलगडाही त्यात होतो. टेम्पोचे चार मिथिल गट आणि अल्कोहोलाची दुसरी शाखा यांची तांब्याभोवती दाटी होते. मिथिल गट नसलेले, ‘आब्नो’ या नावाचे द्विवलयी नायट्रॉक्सिल घेतले की द्वितीयक अल्कोहोलेही विनासायास जातात, हे २०१३ मध्येच दिसून आले होते.

चक्राच्या दुसऱ्या अर्ध्यात क्युप्रस तांबे व हायड्रोजन वाहणारा टेम्पो यांना ऑक्सिजन पूर्ववत्‌ करतो. कोणता अर्धा मंद, हे अल्कोहोलावर अवलंबून आहे. बेंझिल अल्कोहोलाचा हायड्रोजन लवकर सुटतो, त्यामुळे सर्व चक्र ऑक्सिजनाच्या वाटेकडे डोळे लावून बसते व तांबे बहुतांशी क्युप्रस राहते. अ‍ॅलिफॅटिक अल्कोहोलात दोन्ही अर्ध्यांचा भार असतो. प्रयोग करणाऱ्यास याचा उघड उपयोग आहे. बेंझिल वर्गातील अल्कोहोल असेतोवर विद्राव तांबूस-तपकिरी राहतो, आणि ते संपताच हिरवा-निळा होतो. वेगळा दर्शक घालण्याची आवश्यकता नाही.

मात्र आमच्या प्रयोगशाळेत एकदा हा रंग दोन दिवस बदलेना. विद्यार्थ्याने तांबे बदलले, लिगंड बदलला, टेम्पो नव्याने शुद्ध केला. दोष निघाला तो ढवळण्याच्या चुंबकात. ते तळाशी नुसते थरथरत होते. गणित मांडले असते तर दोन दिवस वाचले असते: ०.२ मोलर अल्कोहोलाला ०.१ मोलर ऑक्सिजन लागतो, आणि हवेने संपृक्त अ‍ॅसिटोनायट्राइलमध्ये तो लिटरमागे एकदोन मिलिमोलच असतो. सबंध विक्रियेत ऑक्सिजनाचा हा साठा पन्नासाहून अधिक वेळा भरावा लागतो, आणि तो भरला जातो फक्त द्रवाच्या पृष्ठभागावरून. अशा स्थितीत मोजलेला वेग तांब्याचा नसतो, ढवळण्याचा असतो. आणि त्यावरून काढलेले गतिकीचे निष्कर्ष व्यर्थ होत.

म्हणून शोधनिबंध लिहिणाऱ्यांनी तीन गोष्टी अवश्य कराव्यात असे सुचवावेसे वाटते. ढवळण्याचा वेग दुप्पट करून विक्रियेचा वेग बदलतो का ते पाहावे. वायुमापक नळीने ऑक्सिजनाचा खप मोजावा. १० मिलिमोल अल्कोहोलाला २५ अंशांवर सुमारे १२२ मिलिलिटर ऑक्सिजन लागला तर शेवट पाण्यात होतो, त्याच्या दुप्पट लागला तर पेरॉक्साइड साचत आहे. आणि नायट्रोजनाखाली, क्युप्रिक लवण व टेम्पो दोन्ही पुऱ्या प्रमाणात घेऊन, अल्डिहाइड मिळते की नाही याची खात्री करावी. न मिळाल्यास मुक्त मूलकांच्या शृंखला-विक्रियेचा संशय घ्यावा. बेंझाल्डिहाइडच्या अर्धवट भरलेल्या बाटलीच्या तोंडाशी बेंझोइक अम्लाचे पांढरे स्फटिक जमतात, ते याच शृंखलेने. टेम्पो असताना मूलके पकडली जातात व ही शृंखला दबते. तांबे-टेम्पो पद्धतीत अल्डिहाइड अम्लापर्यंत न जाता थांबते, त्यात याचा मोठा वाटा आहे.

धोक्याविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. अ‍ॅसिटोनायट्राइलचा प्रज्वलनांक २ अंश सेल्सियस, टोल्यूइनचा ४ अंश. आपल्या प्रयोगशाळेच्या तापमानाला दोहोंच्या वाफा पेटण्यास सिद्ध असतात. लहान उघड्या पात्रात हवेवर काम करणे निराळे, आणि फुग्यात शुद्ध ऑक्सिजन भरून अर्धा लिटर विद्रावकावर लावणे निराळे. पहिल्याच्या यशावरून दुसरे करू नये. मोठ्या प्रमाणावर काम करणारे ऑक्सिजन नायट्रोजनात इतका पातळ करतात की वाफेचे मिश्रण पेटूच शकत नाही. २०१३ मध्ये स्टाल व रूट यांच्या गटांनी याच तांबे-टेम्पो विक्रियेसाठी ९ टक्के ऑक्सिजनाचा वायू व सतत वाहणारी नळी वापरली. बेंझिल अल्कोहोलासारख्या चपळ पदार्थांना नळीत पाच मिनिटांचा निवास पुरला. पात्रात एका वेळी थोडाच द्रव असल्याने ऑक्सिजनाचा पुरवठा व सुरक्षितता हे दोन्ही प्रश्न त्यात एकदम सुटतात. आपल्या विभागात अशी नळी बसविणे खर्चाच्या आवाक्याबाहेरचे नाही. तांब्याची नळी मात्र घेऊ नये, कारण मग उत्प्रेरक किती घातला होता, याचे उत्तर देणे कठीण जाईल.